साडेतीन शहाण्यांतला अर्धा : नाना फडणवीस आणि त्यांचे दफ्तर

पेशवाईत साडेतीन शहाणे होऊन गेले, असे आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी असे. पुण्याचे सखारामबापू बोकील, आपल्या नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे तिघे पूर्ण शहाणे आणि नाना फडणवीस अर्धे. अर्धे कशाने, तर बुद्धी होती पण हाती तलवार शोभत नव्हती.

आम्हाला हा हिशेब कधी पटला नाही. आम्ही राज्य शासनाच्या नोकरीत आहोत. संगणकाची पदविका घेतली आणि नोंदी सांभाळण्याच्या कामाला लागलो, ते आजतागायत त्याच खुर्चीत आहोत. त्या खुर्चीवरून नानांचे चरित्र वाचले की तलवारीची उणीव फारशी जाणवत नाही. नानांचे राजकारण, बारभाईंचे कारस्थान, इंग्रजांशी दिलेली झुंज हे आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांचे चरित्र दफ्तराच्या बाजूने सांगणार आहोत.

फडणवीस हे मुळात आडनाव नव्हे, हुद्दा आहे. फर्द म्हणजे हिशेबाचा किंवा यादीचा कागद, आणि तो लिहिणारा तो फर्दनवीस. हा शब्द आपल्या मध्य प्रदेशात अजून जिवंत आहे. भावाभावांत जमिनीची वाटणी झाली की पटवारी जो कागद तयार करतो त्याला आजही फर्द बटवारा म्हणतात. नानांचे घराणे भानूंचे, कोकणातल्या वेळासचे. आजोबा बाळाजी महादेव भानू हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे सोबती. पेशव्यांबरोबर ते दिल्लीला गेले आणि १७१९ साली तिथल्या दंग्यात मारले गेले. पुढे फडणिशी या घराण्यात चालत राहिली. १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास जन्मलेल्या नातवाला आजोबांचे नाव मिळाले. बाळाजी जनार्दन म्हणजेच आपले नाना. १७५६ साली वडील गेले आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती फडणिशीची लेखणी आली.

पानिपताला नाना भाऊसाहेबांबरोबर होते. वय एकोणीसही पूर्ण नव्हते. बरोबर आई आणि पत्नीही होत्या. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संध्याकाळी पळापळ झाली, तीत आई हरवली ती कायमचीच. पत्नी वाचली. स्वतः नाना वेष पालटून, पायी, उपाशीपोटी कसेबसे दक्षिणेकडे निघाले. या साऱ्याची हकीकत त्यांनी पुढे एका छोट्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. त्यात स्वतःची भीती आणि मनाचे चंचलपण त्यांनी झाकलेले नाही. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने स्वतःविषयी इतके खरे लिहावे, हे त्या काळात दुर्मिळच म्हटले पाहिजे.

पानिपतानंतर थोरले माधवराव पेशवे झाले. राज्यावर कर्ज होते, सरदारांचे हिशेब तुंबलेले होते. माधवराव स्वाऱ्यांवर असत आणि पुण्यात नाना व त्यांचे चुलतभाऊ मोरोबादादा फडाचे काम पाहत. नाना खऱ्या अर्थाने तयार झाले ते या अकरा वर्षांत, असे आमचे मत आहे.

आता हा फड म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. पुण्याच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. एक चालते दफ्तर, दुसरे एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरात रोजचे काम. सनदा, हुकूम, जमाखर्च हे सारे फडातून सुटे आणि रोजकीर्दीत चढे. एकबेरीज दफ्तरात साऱ्या खात्यांचे हिशेब एकत्र येत, त्यांचे गोषवारे आणि खतावण्या बनत. म्हणजे एकच रक्कम निदान दोन जागी दिसे. गावात कुलकर्ण्याचा कागद, परगण्यात देशपांड्याचा कागद, वर मामलेदाराचा हिशेब. मामलेदाराने वसूल कमी दाखवला तर देशपांड्याचे दफ्तर मागवून ताडून पाहता येई.

मामलेदाराच्या कचेरीतली व्यवस्था तर आम्हाला फारच आवडते. दिवाणाने प्रत्येक पत्रावर दुसरी सही करायची. मुजुमदाराने हिशेब तपासल्याशिवाय तो फडणिसाकडे जायचा नाही. फडणिसाने प्रत्येक हुकुमावर तारीख घालायची, रोजचे बाड लिहायचे आणि पैशाच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधायच्या. पोतनिसाने रोकड आणि शिल्लक सांभाळायची. नाणी पारखणारे पोतदार नेहमी दोन. या लोकांना दरखदार म्हणत. यातली मुख्य गोष्ट अशी की मामलेदार त्यांचा वरिष्ठ असूनही त्यांना काढून टाकू शकत नसे. त्यांची नेमणूक वरून. मामलेदार कितीही बडा असला तरी दरखदाराची सही पडल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे.

कागदाचेही तसेच. पत्राचा मजकूर संपला की शेवटी मोर्तब उठवायचे, म्हणजे त्याखाली कोणी एक ओळ जास्तीची लिहू नये. लांब कागद चिकटवून केला असेल तर सांध्यावर शिक्का, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. ही रचना नानांनी शोधलेली नव्हे. दरख शिवकाळापासून आहेत. नानांनी ती ढिली पडू दिली नाही, आणि दफ्तराला जी शिस्त आली तिचे श्रेय पुढच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही त्यांना दिले.

आमच्या रोजच्या कामाशी याचे इतके जवळचे नाते आहे की ते येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांच्या घरची मुले पुणे, हैदराबाद, बंगळूरला संगणकाच्या नोकरीत आहेत, त्यांनी मुलांना विचारून पाहावे.

आज नोंदी डेटाबेसमध्ये असतात आणि तिथे त्या तक्त्यांत, म्हणजे टेबलांत, बसवलेल्या असतात. टेबल बनवतानाच त्याला अटी घालता येतात. अमुक रकाना रिकामा राहायचा नाही. अमुक क्रमांक दोघांना मिळायचा नाही. ज्या खातेदाराचे नाव मुख्य यादीत नाही, त्याच्या नावे खसरा चढायचा नाही. जमिनीचे क्षेत्र शून्याहून कमी भरायचे नाही. या अटींना कन्स्ट्रेन्ट म्हणतात. ही टेबलांची कल्पना १९७० साली एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने अमेरिकेत आयबीएम कंपनीत असताना मांडली. पुढे १९८५ साली त्यांनी जे बारा नियम सांगितले, त्यांतला एक असा की या अटी डेटाबेसच्या आतच नोंदवलेल्या असाव्यात, वापरणाऱ्या निरनिराळ्या प्रोग्रामांत विखुरलेल्या नसाव्यात.

नेमका हाच नियम आता सुटतो. हल्ली प्रोग्राम लिहिणारे डेटाबेसशी थेट बोलत नाहीत. मध्ये एक दुभाष्या असतो. त्याला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग म्हणतात, थोडक्यात ओआरएम. जावावाल्यांचे हायबरनेट, पायथनवाल्यांचे जँगो, रुबीवाल्यांचे ॲक्टिव्ह रेकॉर्ड ही त्यातली प्रसिद्ध नावे. दुभाष्या मोठ्या सोयीचा असतो. पण त्याच्यामुळे मोह होतो की अटी त्यालाच सांगून मोकळे व्हावे. तो पडद्यावर गोड शब्दांत सांगतो की हा क्रमांक आधीच दिलेला आहे, आणि काम झाल्यासारखे वाटते.

समजा दोन खिडक्यांवर दोन कारकून एकाच क्षणी एकच क्रमांक भरत आहेत. दुभाष्या दोघांसाठीही आत डोकावून पाहतो. अजून कुणाचीच नोंद झालेली नाही, म्हणून दोघांनाही होकार देतो. मग दोन्ही नोंदी चढतात. रेशनच्या यादीत एका नंबरावर दोन कुटुंबे. महिन्याच्या शेवटी एकाला धान्य मिळते आणि दुसऱ्याला घरी परत जावे लागते. किंवा एखादी मोठी यादी दुभाष्याला वगळून दुसऱ्या दाराने थेट आत टाकली जाते. दुभाष्याला सांगितलेली अट तिथे कामाची नसते. टेबलावरच अट असती तर दुसरी नोंद दारातच अडली असती, मग ती कोणत्याही दाराने येवो.

म्हणून शहाणे लोक अट दोन्हीकडे ठेवतात. दुभाष्याकडची अट माणसाला वेळेवर आणि नीट शब्दांत सांगण्यासाठी, टेबलावरची अट नोंद खरी राहण्यासाठी. टेबलाने नोंद नाकारली की दुभाष्या ती तक्रार प्रोग्रामकडे आणून देतो. ती गिळून टाकायची नाही. कोणती अट मोडली ते पाहायचे, अर्धवट झालेला सारा व्यवहार मागे घ्यायचा आणि समोरच्याला त्याच्या भाषेत सांगायचे. त्यासाठी प्रत्येक अटीला समजेल असे नाव आधीच द्यावे लागते. नाहीतर खिडकीवरच्या बाईंना पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेंडोळी दिसते. जुन्या टेबलाला नवी अट घालताना आणखी एक अडचण येते. आधीच्या चुकीच्या नोंदी आत असतील तर अट लागतच नाही. आधी घर झाडावे लागते. मुजुमदाराची सही आणि युनिकची अट यांत आम्हाला तरी फार अंतर दिसत नाही.

नानांच्या आयुष्यातला सर्वात मोठा हादरा अशाच एका कागदाचा आहे. १७७२ साली थेऊरला माधवराव गेले, धाकटे नारायणराव गादीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपदात गणपतीच्याच दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. राघोबादादांनी पुतण्याला धरावे असे लिहून दिले होते आणि आनंदीबाईंनी ध चा मा केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कागदावरचे ते अक्षर खरोखर बदलले गेले की नाही हे आज कोणी सिद्ध करू शकत नाही. पण लोकांनी ही कथा अडीचशे वर्षे जपून ठेवली आहे. एका अक्षराने माणसाचा जीव जातो, हे तिच्यातले भय खरे आहे. आमच्या दृष्टीने त्यातली मुख्य गोष्ट वेगळीच आहे. कथेतली ती चिठ्ठी फडातून गेलेली नव्हती. तिच्यावर ना दुसरी सही, ना रोजकिर्दीत नोंद. ती मागच्या दाराने गेली.

रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले. नाना, सखारामबापू आणि इतर कारभारी एकत्र आले, तेच बारभाई. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई प्रसूत झाल्या आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढे वीस वर्षे या राज्याचे कागद एका मुलाच्या नावाने सुटत होते, आणि ते हिंदुस्थानभर मान्य होत होते. धनी पाळण्यात असताना राज्य चालले, यात नानांच्या चातुर्याइतकाच वाटा त्या दुसऱ्या सहीचा, त्या रोजकिर्दीचा होता असे आम्ही समजतो.

राजकारणात ही तयारी त्यांच्या उपयोगी पडली. राघोबा इंग्रजांकडे गेले, सुरतेचा तह झाला, युद्ध लागले. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची फौज शरण आली. १७८२ च्या मे महिन्यात महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. पण पक्की मान्यता द्यायला नानांनी महिनोन्‌महिने लावले. हैदर अलीशी असलेले नाते शेवटपर्यंत हातचे ठेवायचे होते. डिसेंबरात हैदर गेला, तेव्हा कुठे कागद पुरा झाला. महादजींशी त्यांचे बिनसले तेही बरेचसे हिशेबावरून. उत्तरेत मुलूख मिळाला, त्याचा वसूल किती, फौजेचा खर्च किती. १७९२ साली महादजी पुण्यास आले तेव्हा हाच वाद मोठा होता. पुढे दोन वर्षांत महादजी वानवडीला वारले.

नानांची थोरवी सांगताना घाशीराम कोतवालाचे प्रकरण वगळणे आम्हाला बरे वाटत नाही. घाशीराम नानांच्या मर्जीतला, पुण्याचा कोतवाल. १७९१ च्या ऑगस्टात त्याच्या माणसांनी दक्षिणेकडून आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना रात्रभर एका कोठडीत कोंबले आणि त्यांतले बरेच जण गुदमरून मेले. लोक खवळले आणि शेवटी घाशीरामाला जमावाने दगडांनी ठेचले. रुपयाला चार सह्या लागत होत्या. माणूस कोंडायला कोतवालाचा शब्द पुरला. नानांनी पैशाच्या नोंदीवर जी अट कधी सैल होऊ दिली नाही, ती आपल्या मर्जीच्या माणसाच्या अधिकारावर घातली नाही, आणि याचा दोष त्यांच्याकडेच जातो. तरुण पेशव्यालाही त्यांनी फार करड्या नजरेखाली ठेवले अशी तक्रार तेव्हाही होती.

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला आणि नानांचा उत्कर्ष कळसाला पोचला. सात महिन्यांत सारे फिरले. ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून वारले. वय एकवीस. मागे मूल नाही. गादीवर कोण या घोळात वर्ष गेले, नानांना काही काळ महाडला जाऊन राहावे लागले, आणि अखेर राघोबांचेच चिरंजीव दुसरे बाजीराव पेशवे झाले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेलेल्या नानांना शपथेचा विश्वास मोडून कैद करण्यात आले. पुढच्या वर्षी नगरच्या किल्ल्यातून सुटले, पुन्हा कारभारात आले, पण पहिला जोर राहिला नाही. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अठरा वर्षांत दफ्तराचे काय झाले हे वाचून आमच्यासारख्याला वाईट वाटते. बाजीरावांनी मामलती मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली लावील त्याला महाल. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरली की कोणी काही विचारीत नसे. दरखदार जागेवर होते, पगारही घेत होते, पण त्यांच्या सहीची गरज उरली नव्हती. रयतेकडून किती घेतले याची खरी नोंदच राहिली नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतले तेव्हा नानांच्या काळातले कागद नीट लावलेले होते आणि शेवटच्या वर्षांचे विस्कटलेले.

इंग्रजांनी हे दफ्तर मोठ्या आवडीने वापरले, आणि त्याची दुसरी बाजू अशी. १८५२ साली इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले. ज्यांच्याकडे इनाम जमिनी होत्या त्यांनी सनद दाखवायची, आणि ती दफ्तरातल्या नोंदीशी ताडून पाहायची. खोट्या सनदा उघड झाल्या हे खरे. पण ज्यांचा कागद वाळवीने खाल्ला, पुरात गेला, किंवा शेवटच्या धामधुमीत ज्यांची नोंदच झाली नाही, अशा कितीतरी घरांच्या पिढीजात जमिनी गेल्या. १८५७ पूर्वी दक्षिणेत जो असंतोष होता त्यात याचा वाटा होता. जुन्या नोंदी न झाडता कडक अट लावली की असे होते. याच सुमारास, १८५४ साली, नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. वैनगंगेकाठचा आपला मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८६७ साली बालाघाट जिल्हा बनला.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नानांचा वाडा आणि घाट अजून आहे. तिथले त्यांचे खाजगी दफ्तर दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी उजेडात आणले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. हुजूर दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. हजारो रुमाल, कोट्यवधी कागद, बहुतेक मोडीत. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले. बाकीचे बहुतेक रुमालात बांधलेलेच आहेत, आणि मोडी वाचणारी माणसे दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहेत.